तेरा खापऱ्या आणि आठ मूर्ती

नालासोपाऱ्याच्या स्थानकावर सकाळ-संध्याकाळ जी तुडुंब गर्दी उसळते तिच्यातून वाट काढीत पश्चिमेकडे गेले, म्हणजे विटांचा एक बसका उंचवटा लागतो, ज्याला पूर्वीचे लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उकलून सिद्ध केले. त्याच वर्षी गावातील भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हाती लागला, आणि पुढे १९५६ मध्ये भुईगावास नवव्याचाही अंश मिळाला. सम्राटाने आपला मजकूर पाषाणावर कोरविला तो टिकावा म्हणून, आणि तो टिकला. परंतु दिव्यावदानातील कथेप्रमाणे सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने बुद्धांच्या स्वागतासाठी जो चंदनाचा प्रासाद उभारविला, त्याचा मागमूस नाही. कोकणच्या हवेत लाकडाने किती काळ तग धरावा! या भूमीवर कलेचा इतिहास लिहू जाणाऱ्याने, जे उरले तेवढ्यावरून जे गेले त्याचाही अदमास घेतला पाहिजे.

स्तूपाच्या पोटातून निघालेली पेटी मात्र सुदैवाने शाबूत होती, आणि कलेतील परिवर्तनाविषयी तिने मला जे शिकविले ते अनेक जाड ग्रंथांनी शिकविले नाही. दगडाच्या वाटोळ्या पेटीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, अशी ती रचना; आणि एवढा सरंजाम ज्याच्या रक्षणासाठी, तो ऐवज म्हणजे मातीच्या भांड्याच्या तेरा चिमुकल्या खापऱ्या. बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून त्या भक्तांनी जपल्या असाव्यात, असे भगवानलालांनी मानले. सोबत सोन्याची फुले होती, आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे एक रौप्यनाणे होते, ज्यावरून हे सारे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचे ठरते. परंतु तांब्याच्या करंडकाभोवती रिंगण धरून ज्या आठ कांस्यमूर्ती बसल्या होत्या, सात बुद्धांच्या आणि आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची, त्यांची घडण साधारणतः आठव्या-नवव्या शतकातील आहे. म्हणजे मध्ये सहाएकशे वर्षे लोटल्यावर कोणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला, आणि ज्या युगाची श्रद्धा मूर्तीवाचून आता तृप्त होत नव्हती, त्या युगाची ओतीव प्रतिमाकला तेथे ठेवून तो पुन्हा मिटविला.

त्या अनामिक उघडणाऱ्याची मला राहून राहून आठवण होते. त्याने खापऱ्या फेकल्या नाहीत, जुना करंडक मोडून नवा घडविला नाही. आपल्या काळाची कला त्याने जुन्याभोवती नुसती मांडली. कलेचे संप्रदाय राजवटींप्रमाणे एकमेकांस पदच्युत करीत येतात, अशी जी समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात बसते, तिला ही पेटी साफ खोटे ठरविते.

वसईच्या घंटांचा प्रकार याहून निराळा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांस मिळाला, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला, आणि विजयचिन्ह म्हणून नेलेल्या चर्चच्या घंटा देवळांत टांगल्या गेल्या. नाशकास गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच मानतात; तिच्यावर १७२१ हे ख्रिस्ती साल आहे. धातू तोच, नाद तोच, देव तेवढा बदलला. (घंटेला त्याचे काही वाटले असेल असे दिसत नाही.)

सोपारा-वसईच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस डहाणूकडे, जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून तिसरा प्रकार घडला. वारली लग्नात कुडाच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. त्यात पालघट देवी बसे, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणे, आणि लग्न उरकले की चित्राचे प्रयोजन संपे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने, हस्तकला मंडळाच्या वतीने फिरताना, पाड्यांवर कागद नेला. म्हसे यांनी पुरुष असून ती बायकांची लेखणी उचलली, आणि लग्न नसतानाही ते चित्र लिहू लागले. भिंतीवरचा चौक सुटला तसे चित्राला मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, रानातल्या वाटा असे विषय फुटले. तरी कापडावर काढतानासुद्धा ते आधी शेणाचा हात देत, मग पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग घेत; माध्यम पालटले, पण कुडाची जमीन त्यांनी सोडली नाही. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, परदेशांतील प्रदर्शने हे सारे त्यांना लाभले. २०१८ मध्ये ते निवर्तले. आज त्यांच्या त्रिकोणी माणसांच्या नकला चहाच्या कपांवर आणि साड्यांवर फिरतात, त्यांना मात्र ही जमीन नाही, आणि म्हणूनच त्या मला निर्जीव वाटतात.

वारल्यांचे चित्र भिंत सोडून जगभर गेले. सोपाऱ्याची पेटीही गाव सोडून गेली. करंडक, खापऱ्या आणि आठही मूर्ती मुंबईच्या टाऊन हॉलात एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. सोपाऱ्यास विटा राहिल्या.