साधन कोणाच्या हातीं?

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत मुरुड हें समुद्रकांठचें गांव आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे तेथेंच लहानाचे मोठे झाले. 1893 सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां याच मुरुडानें त्यांजवर बहिष्कार घातला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्महि मुरुडचा, 1882 सालचा. गणिताच्या या प्राध्यापकांनीं 1921 सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व पुढें त्यापायीं ते नोकरीस मुकले. रघुनाथरावांचें एक वैशिष्ट्य मला विशेष वाटतें. शास्त्रानें साधन दिलें एवढ्यावर ते थांबले नाहींत. तें वापरण्याचा निर्णय कोणाचा, हें त्यांनीं आधीं विचारलें आणि तो स्त्रीचा असें उत्तर दिलें.

हा प्रश्न पुढें कोणी विचारला नाहीं, तेव्हां काय झालें तें पाहूं.

गर्भाभोंवतींच्या पाण्यांत गर्भाच्या पेशी तरंगत असतात. सुईनें थोडें पाणी काढून त्या पेशींतील गुणसूत्रें तपासलीं कीं कांहीं आनुवंशिक दोष जन्मापूर्वींच कळतात. हीच गर्भजलपरीक्षा. ती 1970 नंतरच्या दशकांत आपल्याकडे आली. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु त्याच गुणसूत्रांवरून मुलगा कीं मुलगी हेंहि कळतें, आणि ज्या घरांत मुलगी हाच दोष तेथें परीक्षेचा उपयोग काय होणार, हें सांगावयास ज्योतिषी नको होता. आज शेंकडों खर्चा, उद्यां हुंड्याचे हजारों वांचवा, अशा अर्थाच्या जाहिराती निघाल्या!

मुंबईंतील स्त्रीकार्यकर्त्यांनीं व कांहीं डॉक्टरांनीं याविरुद्ध आवाज उठविला आणि 1988 सालीं महाराष्ट्रानें देशांतील पहिला प्रतिबंधक कायदा केला. संसदेचा कायदा 1994 सालचा. पण तोंवर गर्भाची स्थिति व वाढ पाहण्यासाठीं निघालेलें ध्वनिलहरींचें यंत्र गांवोगांव पोंचलें होतें. त्याला सुईहि लागत नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांत 2011 सालीं दर हजार पुरुषांमागें 1122 स्त्रिया मोजल्या गेल्या. त्यावरून कोणीं हुरळून जाऊं नये. पुरुषमाणसें पोटासाठीं मुंबईस गेलेलीं, इतकाच त्याचा मुख्य अर्थ. खरी मोजणी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. महाराष्ट्रांत दर हजार मुलग्यांमागें मुली 1991 सालीं 946, 2001 सालीं 913 आणि 2011 सालीं 894 भरल्या. बीड जिल्ह्यांत तर अवघ्या 807. पहिला कायदा करणाऱ्या प्रांताचे हे आंकडे आहेत.

कोणी म्हणतील, सुरीनें फळ कापावें कीं गळा, यांत लोहाराचा काय दोष? दृष्टान्त सोयीचा आहे, पण येथें लागूं पडत नाहीं. लोहाराला गिऱ्हाइकाच्या मनांतलें ठाऊक नसतें. आमच्या डॉक्टरांना मात्र तें पुरतें ठाऊक होतें, कारण तेहि आपल्यासारख्याच घरांत वाढले. ज्यांनीं ही परीक्षा शोधली ते दूरदेशींचे, त्यांस फार बोल लावतां येणार नाहीं. ज्यांनीं ती येथें आणली त्यांनीं मात्र कायद्याचें कुंपण यंत्राबरोबरच मागावयास हवें होतें. आमच्याकडे तें कैक वर्षांनीं आलें.

आतां तर आईच्या रक्तांतच गर्भाच्या गुणसूत्रांचे अंश सांपडतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास नळीभर रक्त घेतलें कीं पुरे.