कल्याण जंक्शन आणि त्यामागील मुलूख

'जंक्शन' हा शब्द आपल्याकडे लोहमार्गाबरोबर आला. परंतु त्या शब्दाने दर्शविली जाणारी वस्तू कल्याणपुरती तरी लोहमार्गाहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात उल्हास नदीच्या खाडीवरील या बंदराचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. बंदराच्या भरभराटीचे कारण त्याच्या पाठीशी असलेल्या वाटांत होते. मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरकडे, शहापूरवरून थळघाटाने नाशिककडे आणि उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाटाने पुण्याकडे अशा तीन वाटा देशावरून उतरत व कल्याणच्या परिसरात एकत्र येत. सह्याद्रीने घाट जेथे दिले, तेथूनच माणसांना आणि बैलांना जावे लागले. पुढे इंजिनासही तोच नियम लागू झाला.

मुंबईहून ठाणे व कल्याण या मार्गाने थळ आणि बोर या दोन घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुप येथे सुचली, असे सांगतात. १८५३ मध्ये गाडी ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत धावू लागली. येथे मार्गास दोन फाटे फुटले. ईशान्येचा फाटा १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्यास पोहोचला. थळघाट चढून इगतपुरी गाठावयास मात्र १८६५ साल उजाडले. आग्नेयेचा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला व १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे झाल्यावर पुण्याशी जोडला गेला. जुन्या तीन वाटांपैकी दोन वाटांवर अशा रीतीने रूळ पडले. नाणेघाटाच्या वाटेवर ते पडले नाहीत. सबब मुरबाडचा प्रवासी आजही सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने कल्याणला येतो आणि मगच गाडीत बसतो. कल्याण-मुरबाड लोहमार्गाच्या जुन्या मागणीचे मूळ या गोष्टीत आहे.

विद्युतीकरणाने जंक्शनाचे स्वरूप पालटले. १९२६ मध्ये विजेची गाडी कल्याणला आली व १९३० पर्यंत इगतपुरी आणि पुणे ही दोन्ही टोके विजेने जोडली गेली. दूरच्या गाड्यांचे हे स्थानक हळूहळू उपनगरी स्थानकही बनले. आज लोकलगाडी एका बाजूस मुंबईपासून १२१ किलोमीटरवरील कसाऱ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूस सुमारे १०० किलोमीटरवरील कर्जतपर्यंत जाते. शहापूर गावास स्वतःचे स्थानक नाही. तेथील लोक आसनगावास येऊन गाडी धरतात. तालुक्यातील आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून नोकरीसाठी, महाविद्यालयासाठी किंवा मोठ्या रुग्णालयासाठी निघालेल्या प्रत्येकास कल्याण ओलांडावेच लागते.

हे ओलांडणे अवघड का होते, ते समजण्यास रुळांची मांडणी ध्यानी घ्यावी लागते. आपल्याकडे गाडी डाव्या मार्गाने चालते. म्हणजे मुंबईहून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास जाणारी गाडी डावीकडील रुळांवर व येणारी उजवीकडील रुळांवर असते. कल्याणपुढे कसाऱ्याचा फाटा डावीकडे वळतो, कर्जतचा उजवीकडे. आता कर्जतकडे जाणारी गाडी उजवीकडे वळू लागली की, कसाऱ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीचा मार्ग तिला छेदावा लागतो. रूळ एकाच पातळीवर असतील, तर दोहोंपैकी एकीने थांबलेच पाहिजे. सिग्नल आणि सांधे यांची परस्परबद्ध यंत्रणा दोघींना एकाच वेळी मार्ग देत नाही. त्यातच जलद, धिम्या व लांब पल्ल्याच्या गाड्या एका मार्गावरून दुसऱ्यावर घ्यावयाच्या असल्या म्हणजे छेदांची संख्या वाढते. स्थानकाबाहेर गाडी निष्कारण उभी आहे असे प्रवाशास वाटते. वस्तुतः ती दुसऱ्या गाडीच्या वाटेचे मोल चुकवीत असते.

दुसरी अडचण रुळांच्या संख्येची. ठाणे ते कल्याण सहा मार्ग आहेत. परंतु कल्याणपलीकडे कसाऱ्यापर्यंतचा भार दीर्घकाळ दोनच मार्गांनी वाहिला आहे. त्यांवरून लोकल, नाशिककडील जलदगाड्या आणि मालगाड्या एकामागून एक जातात. कसाऱ्याच्या पुढे घाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र असल्याने गाडीस मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. या क्रियेत वेळ जातो. पुढची गाडी रखडली की मागची रखडते, आणि आटगावला चुकलेली दहा मिनिटे कल्याणला येईपर्यंत वाढलेली असतात, कारण ठरलेली पाळी हुकलेल्या गाडीस जंक्शनात नवी पाळी मिळावी लागते.

यावर उपाय दोनच : मार्ग वाढविणे आणि छेद टाळणे. जपानमध्ये टोकियोजवळील केइक्यू कामाता या उपनगरी जंक्शनात विमानतळाचा फाटा मुख्य मार्गास मिळतो. तेथे रूळ जमिनीवरून उचलून येणाऱ्या व जाणाऱ्या गाड्यांसाठी दोन निराळे मजले करण्यात आले आणि २०१२ मध्ये सर्व गाड्या वरून धावू लागल्या. कल्याणसाठी योजलेला मार्गही त्याच तत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात कल्याण यार्डाची फेररचना करून लांब पल्ल्याची व उपनगरी वाहतूक विलग करण्याची, तसेच आसनगावपर्यंत चौथा आणि बदलापूरपर्यंत तिसरा व चौथा मार्ग टाकण्याची तरतूद आहे. कसाऱ्यापर्यंतचा तिसरा मार्ग त्याआधीच मंजूर झाला होता.

जंक्शनाची थोरवी तेथून किती गाड्या सुटतात यावरून मोजण्याचा प्रघात आहे. तो अपुरा होय. खर्डीच्या विद्यार्थ्यास पहिल्या तासिकेस आणि आसनगावच्या कामगारास पाळीच्या भोंग्यापूर्वी पोहोचता येते की नाही, ही त्याची खरी कसोटी. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचे महत्त्व घाटामागील मुलुखाने ठरविले; आजही त्याच्या कार्यक्षमतेचा निवाडा त्याच मुलुखाच्या हाती आहे.