शिवराईची प्रतवारी

शिवराईची प्रतवारी म्हणजे शिवराई या मराठाकालीन तांब्याच्या नाण्याची झीज, दोष व मजकुराची पूर्णता पाहून त्याचा दर्जा ठरविण्याची पद्धत होय. एकाच प्रकारच्या दोन नाण्यांच्या किमतीत पडणारा फरक बहुधा या दर्जावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

शिवराई छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाली. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. पेशवाईतही ती पाडली जात असे. मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यानंतरही देशावरील बाजारांत शिवराई चालत राहिली. ती विपुल असल्याने साधे, झिजलेले नाणे स्वस्त मिळते. सुस्थितीतील नाणे मात्र दुर्मिळ असते.

दोषांचे प्रकार

काही दोष टाकसाळीतीलच असतात. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यास किंवा हातोड्याचा घाव बाजूला पडल्यास अक्षरे तुटतात. म्हणून कडेच्या ठिपक्यांसह पूर्ण मजकूर असलेल्या नाण्यास अधिक किंमत येते. नंतरचे दोष म्हणजे झीज, ओरखडे, कळंक आणि दागिन्यासाठी पाडलेले भोक किंवा डाखलेली कडी. नाणे अतिदुर्मिळ असल्यास संग्राहक असे दोष काही प्रमाणात स्वीकारतात.

स्वच्छतेचा परिणाम

चिंच किंवा लिंबाने तांब्याची भांडी उजळतात, तसेच नाणेही घासले जाते. त्यामुळे अनेक वर्षांत तयार झालेला तपकिरी थर निघून जातो आणि धातू कच्चा, गुलाबी दिसतो. हा बदल पूर्ववत करता येत नाही. म्हणून उजळलेल्या नाण्याचे मूल्य घटते.

अंकपद्धती

अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. मुळात हे अंक किमतीचे प्रमाण दर्शवीत. ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या सत्तरपट मानली होती. पुढे हे प्रमाण टिकले नाही, पण अंक रूढ झाले. खेळाडूंच्या संग्राह्य पत्त्यांसाठी अशीच १ ते १० श्रेणी वापरतात. १९८७ मध्ये स्थापन झालेली एनजीसी ही संस्था घासलेल्या वा भोक पाडलेल्या नाण्यास अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा देते.

कायदेशीर बाजू

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. खासगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. अशी नाणी न घासता जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवावी लागतात.