हात न लावता सरकणारा खेळाडू

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या स्टिकला बोटही न लावता पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला सरकू लागतो, त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. २०१७च्या निन्टेन्डो स्विच या कन्सोलमुळे ही तक्रार जगभर गाजली. २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफीही मागितली. हा दोष खेळणाऱ्याच्या हाताचा नव्हे, रचनेचा आहे. स्टिकखालच्या कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची पत्ती सतत घासते. पट्टी झिजली, भुकटी साचली, की विद्युतदाब चुकतो आणि यंत्राला स्टिक कललेली वाटते. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये अशी घासणारी पट्टीच नसते. तो महाग पडतो हा आक्षेप रास्त आहे. पण सेगा कंपनीने १९९८च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो बसवला होताच. आणि झिजणारा भागच द्यायचा असेल, तर तो चार स्क्रू काढून घरी बदलता यावा, सुटा विकतही मिळावा.