पेटी शहरात, बाळ खेड्यात

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ हे वाक्य ज्या घराने कधी ऐकले नाही असे घर आपल्या वस्तीत विरळाच. सातव्या-आठव्या महिन्यात सून बाळंत होते. बाळ मूठभर, रडायचीही ताकद नाही. नर्सबाई ते उचलतात आणि काचेच्या पेटीत नेऊन ठेवतात. बाप दाराच्या काचेतून पाहत राहतो, आजी बाहेर बाकावर बसून राहते. आमच्या घरातही एका बाळासाठी असे अकरा दिवस गेले. त्या दवाखान्यात पेट्या थोड्या आणि बाळे जास्त होती. आपल्या बाळाला पेटी मिळेल ना, मिळालेली काढून तर घेणार नाहीत ना, याच घोरात आम्ही होतो. पेटीत नेमके होते काय, हे विचारायचे मात्र कुणाला सुचले नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांना अभ्यास म्हणून मिळाला होता. त्यांची हकीकत आम्ही आज मुद्दाम सांगत आहोत. आता आपल्या घरांतूनही मुलेमुली एम.एस्सी., एम.पी.एच., बायोटेक असल्या शिक्षणाला जाऊ लागली आहेत. ‘एवढं शिकून ही करणार काय?’ असे आईवडील विचारतात, आणि मुलीला ते घरच्या भाषेत सांगता येत नाही.

आधी पेटीचे सांगतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो. त्यामुळे आपल्याला उकडत असलेल्या खोलीतही ते गारठते. गारठलेले बाळ ऊब टिकवण्यातच सारी शक्ती खर्च करते. दूध ओढायला, श्वास घ्यायला काही उरत नाही. पेटीचे पहिले काम म्हणजे ऊब देणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा अभ्यासक्रम चालतो. त्यात इंजिनीअर, व्यवस्थापनाचे विद्यार्थी असे निरनिराळ्या शाखांचे लोक एका गटात बसतात आणि गरीब देशांतील एखादी खरी अडचण त्यांच्या हाती दिली जाते. २००७ साली एका गटाला मिळालेले काम असे : अमेरिकेत पेटी २० हजार डॉलरपर्यंत जाते, तुम्ही ती त्याच्या १ टक्का खर्चात करून दाखवा. हुशार विद्यार्थ्याला यात अवघड काय? काच काढा, प्लास्टिक घाला, सुटे भाग कमी करा. गटाने तसा विचार सुरू केलाही होता.

परंतु गटातील एक जण आधी नेपाळला गेला. शहरातील रुग्णालयात त्याने पाहिले तर दान म्हणून आलेल्या चांगल्या पेट्या तेथे होत्या, आणि त्यांतील कित्येक रिकाम्या होत्या! अपुऱ्या दिवसांची बाळे तर देशात जन्मत होती. मग ती गेली कोठे? डॉक्टरांकडून उत्तर मिळाले की ती डोंगरातल्या खेड्यांत जन्मतात आणि शहराच्या वाटेवरच, किंवा वाट धरण्याआधीच, जातात. पेटी शहरात आणि बाळ खेड्यात. पेटी कितीही स्वस्त केली तरी रिकाम्या पेट्यांत आणखी एकीची भर पडली असती, इतकेच.

त्या एका फेरीने प्रश्नच बदलला. स्वस्त पेटी कशी करावी हे बाजूला राहिले आणि वीज नसलेल्या घरात, बोळक्या पावलांनी चढायच्या वाटेवर, आईच्या हातातच बाळ उबदार कसे राहील, हा प्रश्न पुढे आला. त्यातून तयार झाली ती एक छोटी झोळीवजा पिशवी. तिच्या पाठीमागे एका खास मेणाची थैली. हे मेण माणसाच्या अंगाइतक्या, म्हणजे सुमारे ३७ अंश उष्णतेला वितळते. एकदा गरम करून पातळ केले की पुन्हा घट्ट होईपर्यंत ते तीच ऊब देत राहते. चारसहा तास ना कमी ना जास्त. पाणी गोठताना शून्य अंशावर थांबून राहते, हा शाळेतला धडाच येथे कामाला आला. ‘एम्ब्रेस’ हे तिचे नाव, म्हणजे कवेत घेणे. शिक्षण संपल्यावर या मंडळींनी बंगलोरला बिऱ्हाड केले, कारण बाळे इकडे होती.

आणि येथे त्यांना खरी शिकवणी भेटली, तीही एका खेड्यातील आईकडून. मेण पुरेसे तापले की नाही हे कळावे म्हणून पिशवीवर उष्णतेचा आकडा दिसण्याची सोय केली होती. ३७ दिसले की बाळ ठेवा, इतके सोपे. त्या बाईने सांगितले की ही विलायती औषधे फार जहाल असतात, म्हणून डॉक्टरने एक चमचा सांगितला तर आम्ही अर्धाच देतो. मग पिशवीचा आकडा ३७ सांगितला असेल तर तुम्ही किती ठेवाल? तर ३०, बाळाच्या भल्यासाठी! विद्यार्थी हबकले. ३० अंशांवर ठेवलेले बाळ गारठून जाईल. त्यांनी आकडे काढून टाकले आणि ‘ठीक आहे’ किंवा ‘ठीक नाही’ एवढेच दाखवणारी खूण ठेवली.

ही गोष्ट वाचून आपल्या माताभगिनी हसतील. ‘अर्धीच गोळी दे, अख्खी गरम पडंल’ असे आपल्या घरात कोण म्हणत नाही? (अर्धे औषध घेतल्याने रोग अर्धवट राहतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासे होते, हे येथेच सांगून ठेवतो.) स्टॅनफर्डच्या मुलांना जे समजायला हजारो मैल यावे लागले, ते आपल्या चाळीतील मुलगी लहानपणापासून ऐकत आलेली असते. ती संशोधनाला गेली तर हे तिचे भांडवल आहे. ते लाजून घरी ठेवून जायचे नाही.

या प्रकारच्या शिक्षणाला इंग्रजीत ‘ट्रान्स्लेशनल रिसर्च’ म्हणतात. प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत आणि तेथून वस्तीपर्यंत नेण्याचे शास्त्र, असा त्याचा सरळ अर्थ. शोध लागल्यापासून तो रोजच्या उपचारात यायला सरासरी १७ वर्षे लागतात, असा एक अंदाज या क्षेत्रातील लोक नेहमी सांगतात. म्हणून येथे विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतात. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि आय.आय.टी. यांनी स्टॅनफर्डच्या साथीने असाच एक कार्यक्रम चालवला. त्यात निवडलेल्या तरुणांना यंत्राला हात लावण्याआधी रुग्णालयात उभे राहून पाहावे लागे : नर्स काय करते, नातेवाईक कोठे अडतात, कोणते यंत्र धूळ खात पडले आहे. आम्हास हा भाग फार मोलाचा वाटतो. पाहणे हेही शिकावे लागते. अर्थात चार दिवस वस्तीत फोटो काढून परत जाणारेही आम्ही पाहिले आहेत, त्याला पाहणे म्हणत नाहीत.

आता या हकीकतीचा दुसरा भाग. मेणाची पिशवी येण्याच्या कितीतरी आधी, १९७८ साली, कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला. डॉक्टरांनी बाळे आयांच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, कांगारूसारखी बांधून दिली. पेट्या नाहीत म्हणून केलेली ती तात्पुरती सोय होती. पण बाळे जगू लागली. तरीही कित्येक वर्षे ती गरिबांची सोय म्हणूनच ओळखली गेली. आणि जेथे ती स्वीकारली गेली, तेथेही आधी पेटी, बाळ सावरल्यावर मग आई, असाच क्रम राहिला.

हा क्रम उलटा करून पाहिला तर? भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, दिल्लीचे सफदरजंग त्यांत एक, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची तीन हजारांहून अधिक बाळे या अभ्यासात घेतली. एका गटाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे आधी यंत्राच्या उबेत. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्यात यंत्राच्या गटातील शंभरांपैकी सुमारे सोळा बाळे दगावली, आईच्या गटातील बारा. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी जन्मापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास, आईची छाती सांगितली.

यासाठी लागते काय? नवजात बाळांच्या विभागात आईला खाट, आणि आईला सुट्टी. पहिली गोष्ट रुग्णालयाने द्यायची. दुसरीचे काय? कायद्यातील २६ आठवड्यांची रजा ऑफिसातल्या बाईला मिळते. चार घरची धुणीभांडी करणारी आठ तास बाळ छातीशी धरून बसली तर चूल कशी पेटणार? यावर संशोधन करायला कोणते यंत्र लागत नाही. आपल्यातीलच कुणी मुलगी हा विषय घेईल अशी आम्हास आशा आहे.

ज्यांच्या घरी असे बाळ येईल त्यांनी नर्सबाईंना ‘कांगारू पद्धत’ हे शब्द सांगून विचारावे. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट. छातीवर उभे, मान एका बाजूला, वरून स्वच्छ ओढणी किंवा लुगड्याची घट्ट बांधणी. नाकतोंड मोकळे आहे ना, हे पाहत राहावे. आई थकली तर आजी, मावशी, बापसुद्धा चालतो. बाळाला श्वासाचा त्रास असेल तर पेटी, ऑक्सिजन, यंत्रे हवीतच; तो निर्णय डॉक्टरांचा.

आमच्या घरच्या त्या अकरा दिवसांत हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. बाळ वरच्या मजल्यावर पेटीत आणि आई खालच्या वॉर्डात खाटेवर होती. मधे एक जिना. ते बाळ यंदा बारावीला आहे, विज्ञान शाखेत.