रिक्षाच्या तीन चाकांतली हवा: ‘सारखी’ म्हणजे नक्की कशी?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघात जे राहून गेलं ते इथे थोडं भरून काढलंय, आणि मधले ‘अं... म्हणजे’ तेवढे गाळलेत.

तर झालं असं, की रिक्षा चालवणाऱ्या एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला. गाडी डावीकडे ओढते. हँडल सरळ धरलं तरी सारखं उजवीकडे दाबून ठेवावं लागतं, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. गॅरेजवाल्यानं सांगितलं, मागचा आर्म वाकलाय, बदलावा लागेल. खर्च ऐकून हे गप्प. मेसेजच्या शेवटी ते म्हणतात, ‘‘हवा तर मी तिन्ही चाकांत सारखीच मारतो हो, मग हे काय?’’

आजचा सगळा भाग त्या ‘सारखीच’ या एका शब्दावर आहे.

आधी गाडी समजून घेऊ. आपली ऑटोरिक्षा ही कारची धाकटी बहीण नाही, स्कूटरची आहे. इटलीत पियाजिओ कंपनीनं १९४६ साली वेस्पा आणली आणि १९४८ साली त्याच स्कूटरला मागे दोन चाकं जोडून मालवाहू आपे काढली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी, दिवसभर राबणारी. तीच आपे आज आपल्या बारामतीत बनते आणि लोक तिला ॲपे म्हणतात. आपल्या नेहमीच्या रिक्षाचीही घडण त्याच जातीची. स्टिअरिंग नाही, हँडल. पुढे एकच चाक, आणि चाकं स्कूटरसारखी छोटी. पारंपरिक रिक्षाच्या टायरवर बघा, ४.००-८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे चार इंच जाडीचा टायर, आठ इंचाच्या रिमवर.

आता गंमत बघा. एवढं छोटं चाक एका किलोमीटरला साधारण साडेसातशे फेरे मारतं. दिवसाला शंभर किलोमीटर धंदा झाला, तर पंचाहत्तर हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत एकदा दबते आणि सरळ होते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते, जास्त तापते आणि आतले धागे लवकर थकतात. शिवाय छोट्या टायरमध्ये मुळात हवाच थोडी. कारच्या टायरमधून जेवढी हवा गेली तर कळणारही नाही, तेवढीच रिक्षाच्या टायरमधून गेली तर दाब चांगलाच उतरतो.

दुचाकीला डावं-उजवं नसतं. एक चाक पुढे, एक मागे, त्यामुळे हवा कमी झाली तरी गाडी बाजूला ओढत नाही. तीनचाकीत मात्र दोन वेगळे हिशेब एकत्र येतात. पुढचं चाक वळवतं, मागची दोन वजन पेलतात आणि ढकलतात. प्रवासी मागे, इंजिन मागे, सामान मागे. म्हणून मागच्या चाकांचा आकडा पुढच्यापेक्षा बहुधा जास्त असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, पुष्कळ गाड्यांवर त्याचा स्टिकरही असतो. मी इथे उदाहरणापुरतं पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय धरतो. तुमच्या गाडीचा आकडा तुम्ही बघा, माझा वापरू नका.

म्हणजे ‘सारखी’चा अर्थ तिन्ही चाकांत एकच आकडा असा नाही. मागचं डावं आणि मागचं उजवं, ही जोडी सारखी. पुढच्याचा हिशेब वेगळा. पंपावर ‘‘किती मारू?’’ म्हटल्यावर ‘‘मारा पस्तीस सगळीकडे’’ हे जे उत्तर दिलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. पुढचं चाक गरजेपेक्षा कडक झालं की त्याचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, ते खड्ड्यावरून उडतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की घसरतं आणि टायर मधोमध झिजतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडासुद्धा भरायचा आकडा नव्हे. ती त्या टायरची कमाल मर्यादा.

परदेशातलं एक उदाहरण देतो. कॅन-ॲम स्पायडर नावाची तीनचाकी मोटरसायकल आहे, तिला दोन चाकं पुढे आणि एक मागे. टायर दिसायला कारसारखे रुंद. पण बऱ्याच मॉडेलांना कंपनी पुढे फक्त १५ आणि मागे २८ पीएसआय सांगते. कारचा टायर समजून कोणी पुढे तीस भरले, तर ती गाडी रस्त्यावर चुळबुळ करायला लागते. टायर कसा दिसतो यावरून हवा ठरत नाही, त्या एका चाकावर किती वजन आहे यावरून ठरते.

आता मागच्या जोडीकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

डाव्या चाकात ३४ आणि उजव्यात २८ असेल तर काय होतं? उजवा टायर जास्त दबतो, लोळायला जड जातो आणि गाडी उजवीकडे ओढते. हे झालं सरळ रस्त्यावर. वळणावर गोष्ट गंभीर होते. रिक्षाची तीन चाकं जिथे जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडा, त्रिकोण तयार होतो. टोक पुढे, पाया मागे. गाडीचं वजन जोवर या त्रिकोणाच्या आत पेललं जातंय तोवर ती उभी. डावीकडे जोरात वळलात की वजन उजवीकडे फेकलं जातं, म्हणजे त्रिकोणाच्या तिरक्या कडेकडे. त्याच वेळी उजवा मागचा टायर मऊ असेल, तर तो बसतो, हूड आणखी कलतं, आणि जी थोडी जागा हाताशी होती ती कमी होते. चारचाकीला पुढच्या कोपऱ्यातही आधार असतो. इथे तो नाही.

म्हणूनच ड्रायव्हरशेजारी जादा सीट बसवणं वाईट. वजन त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतं आणि एका बाजूलाही जातं. त्यात वळणावरच ब्रेक मारला तर आणखी पुढे. यात नियम मोडण्याचा भाग आहेच, पण नुसत्या भूमितीनं बघितलं तरी हा वाईट सौदा आहे. मागे शाळेची मुलं बसलेली असतात हो.

मग त्या श्रोत्यांचं काय? त्यांना म्हटलं, आर्म नंतर बघू, आधी सकाळी गाडी बाहेर काढायच्या आत तिन्ही चाकं मोजा आणि लिहून पाठवा. मागचं डावं उजव्यापेक्षा सहानं कमी निघालं. भरताना ते खरंच सारखी भरत होते, पण आठवड्यातून एकदा. डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हमधली पिन सैल होती आणि हवा हळूहळू जात होती. सोमवारी मारताना सारखी, गुरुवारी नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला की बुडबुडा दिसतो. बरेच जण थुंकी लावून बघतात, तेही चालतं. पिन अगदी स्वस्तात मिळते. आणि व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नका, पावसाळ्यातला चिखल तिथूनच आत जातो.

हवा सारखी केल्यावरही ओढ राहिली तर मात्र पुढचं तपासायला हवं. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर संशय ब्रेकवर घ्या. थोडं चालवून झाल्यावर मागच्या दोन ड्रमजवळ हात न्या, न टेकवता. एकीकडे जास्त धग लागली तर तो ब्रेक पकडून बसलाय. हँडल नुसतंच जड वाटतंय, बाजूला ओढ नाही, तर बघायचं ते पुढच्या चाकातली हवा. वाकलेला आर्म, चासी वगैरे या सगळ्याच्या नंतर.

मोजायचं कधी? थंड असताना. म्हणजे सकाळी पहिल्या भाड्याआधी, किंवा गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. ३० पीएसआयच्या आसपास असलेल्या टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं, की आकडा साधारण दीडनं वाढतो. दुपारी दोन वाजता चाळीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात, आकडा जास्त दिसला आणि हवा सोडून ‘बरोबर’ केली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी कमी हवेवर निघते. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही.

यातही एक छुपा फास आहे. स्टँडवर गाडी दोन तास उभी, एक बाजू उन्हात, दुसरी झाडाच्या सावलीत. उन्हातला टायर तापून दीड-दोन पीएसआय जास्त दाखवतो. तुम्ही दोन्ही ‘सारखे’ करता आणि सावलीत गेल्यावर ते वेगळे होतात. विदर्भातल्या मे महिन्यात हे हमखास होतं.

मीटरबद्दल लोक फार वाद घालतात. या पंपाचा बरोबर की त्या पंपाचा? हवा भरून देणं ही पेट्रोल पंपानं मोफत द्यायची सोय आहे, ती जरूर घ्या. पण स्वतःचा एक छोटा गेज गाडीत ठेवा. तो दोनानं चुकीचा असला तरी दोन्ही मागच्या चाकांना सारखाच चुकीचा असतो, म्हणजे जोडी तरी जुळते. एक चाक एका पंपावर आणि दुसरं पुढच्या पंपावर, असं करू नका. गेज लावताना सरळ आणि झटकन दाबा. फुस्स करून जाणारी हवा या छोट्या टायरला परवडत नाही.

हवेनं न सुटणारीही एक गोष्ट आहे. मागे एक नवा टायर आणि एक गुळगुळीत झालेला, किंवा एक नवा आणि एक रिमोल्ड, अशी जोडी असेल तर दोन्हीची उंची आणि कडकपणा वेगळा असतो. जुन्यात जास्त हवा मारून ते जुळत नाही. मागचे दोन एकदम बदला. खिशाला जड जातं हे मान्य, पण त्यातला बरा असलेला जुना टायर स्टेपनीला लावता येतो, वाया जात नाही.

स्टेपनीत मागच्या चाकाचा आकडा भरून ठेवा, वर दोन-तीन जास्तच. पारंपरिक रिक्षात तेच चाक पुढेही लागतं आणि मागेही. पुढे लावलं तर हवा सोडता येते, पण रात्री अकरा वाजता रस्त्यावर भरणार कुठून?

पंक्चरवाल्याकडे ट्यूब बाहेर काढलीत की एकदा स्वतः बघा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर तो खिळा नव्हे. कमी हवेत खड्ड्यात आदळून ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिमटली आहे. नुसतं ठिगळ लावून निघालात तर आठवड्यात परत याल. आणि एक अगदी महत्त्वाचं. या रिमचे दोन अर्धे भाग नट-बोल्टनं जोडलेले असतात. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट सोडले तर रिमचा तुकडा उसळून तोंडावर येऊ शकतो. आधी पिन काढून पूर्ण हवा जाऊ द्यायची, मग पाना लावायचा. घाईत असलेल्या नव्या पोऱ्याला हे तुम्ही सांगा.

नायट्रोजन भरू का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा. त्यासाठी पैसे मोजणार असाल, तर त्याऐवजी गेज आणि तीन नव्या व्हॉल्व्ह पिना घ्या. हूडच्या आत एक चिठ्ठी चिकटवा, तिच्यावर आठवड्यातून दोनदा तिन्ही आकडे लिहा. कुठलं चाक दर वेळी मागे पडतंय ते पंधरा दिवसांत तीच चिठ्ठी दाखवेल.

पुढच्या भागात रिक्षाचे ब्रेक. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, आणि पाठवताना गाडी बाजूला उभी करा.