आधी मुक्काम ठरवा, मग शहरं

बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण कर्ज, हप्ते, पापड-मसाल्याचा हिशेब यांवर नेहमी बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे, पण हिशेबाचाच आहे. परदेशात पहिल्यांदा जायचं आणि एकाच फेरीत तीन-चार शहरं बघायची, तर आखणी कशी करायची? देश आहे इटली.

हसू नका. आमच्या गटातल्या एक मावशी गेल्या मे महिन्यात जाऊबाईंना घेऊन इटलीला जाऊन आल्या. लेक मिलानला नोकरीला आहे. मावशींनी सात वर्षं स्वतःच्या कमाईतून वेगळे पैसे टाकले होते. जायचं ठरल्यावर घरातले म्हणाले, एवढा खर्च करताच आहात तर सगळं बघून या. पुतण्याने यादी केली: रोम, नेपल्स, पॉम्पेई, सिएना, पिसा, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेरोना, व्हेनिस, मिलान. चौदा रात्री आणि दहा ठिकाणं. मावशी ती यादी घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यात लेकीकडे दोनच रात्री आहेत गं. मी जातेय कशाला मग?"

म्हणून पहिली गोष्ट ही, की वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: मी कशासाठी जातेय? मावशींनी लिहिलं, "लेकीचं घर बघायला." त्यासाठी मिलानच्या पाच रात्री आम्ही आधीच बाजूला काढल्या. उरल्या नऊ. त्या नऊ रात्रींत बाकीची इटली बसवायची होती.

आता दुसरा हिशेब. वारीची आखणी कशी असते? रात्रीचा मुक्काम कुठे, हे आधी ठरतं. वाटेतली गावं त्यात बसतात. प्रवासाचंही तसंच आहे. शहरं मोजू नका, रात्री मोजा. इटलीत वेगवान आगगाड्या आहेत. रोम ते फ्लोरेन्स साधारण दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर, व्हेनिस ते मिलान अडीच तासांच्या आसपास. कागदावर हे सोपं दिसतं. पण सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीची वाट बघा, उतरल्यावर नवीन पत्ता शोधा, खोली मिळेपर्यंत थांबा. दीड तासाच्या गाडीला दिवसाचे पाच तास जातात. दहा ठिकाणं म्हणजे नऊ वेळा बिऱ्हाड हलवणं, म्हणजेच पंचेचाळीस तास. जवळजवळ दोन दिवस आणि दोन रात्री नुसत्या बॅगा ओढण्यात! हा आकडा वहीत मांडल्यावर पुतण्यानेच यादीवर काट मारली.

राहिली चार शहरं: रोममध्ये चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन आणि मिलानला पाच. नकाशात इटली बुटासारखी दिसते. रोम मधोमध आहे आणि बाकीची तिन्ही वर उत्तरेला. त्यामुळे विमानाचं तिकीट असं काढलं, की जाताना रोमला उतरायचं आणि येताना मिलानहून बसायचं. तिकीट काढताना 'मल्टी सिटी' असा पर्याय असतो, तो हाच. परत रोमला येण्याचा हेलपाटा वाचतो. आणि लेकीचं घर शेवटी ठेवल्यामुळे दमून-भागून आपल्या माणसाकडे पोचता येतं.

पिसाचा कलता मनोरा मावशींना बघायचाच होता. पिसा फ्लोरेन्सपासून साध्या गाडीने तासाभरावर आहे. मग तिथे मुक्काम कशाला? सामान फ्लोरेन्सच्या खोलीत ठेवून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. एखादं गाव फारच मनात असेल, तर ते असं मुक्काम न हलवता जोडता येतं का ते बघा.

तिसरी गोष्ट वारांची. आपल्याकडे बाजाराचा वार चुकला की फेरी फुकट जाते, तसंच तिथे. फ्लोरेन्सची दोन मोठी संग्रहालयं, चित्रांचं उफिझी आणि मायकेलअँजेलोने घडवलेल्या डेव्हिडच्या पुतळ्याचं अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. मिलानला लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन' हे भिंतीवरचं चित्र आहे, तेही सोमवारी बंद. रोममधली व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडी असतात आणि तेव्हा गर्दी उसळते. आमचा सोमवार फ्लोरेन्सला येत होता, म्हणून पिसा सोमवारी टाकलं आणि संग्रहालय रविवारी.

मोठ्या ठिकाणांची तिकिटं घरून निघण्याआधीच काढायची. 'शेवटचं भोजन' बघायला एका वेळी थोडीच माणसं सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. तिकिटं फार आधी संपतात. रोमचं कोलोसियम हे इसवी सन 80 मध्ये खुलं झालेलं दगडी प्रेक्षागार. त्याचं तिकीट नावावर असतं, म्हणून पासपोर्टवर आहे तेच नाव लिहा. पण सगळ्यालाच तिकीट लागत नाही. व्हॅटिकनचं सेंट पीटर हे भव्य चर्च बघायला पैसे पडत नाहीत, फक्त तपासणीची रांग असते. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी नेसणाऱ्या बाईला त्याची काळजीच नाही.

एका दिवसात एकच मोठी गोष्ट ठेवा. उतरल्याच्या दिवशी काहीच ठेवू नका. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, शरीराला ते कळायला वेळ लागतो. आणि गुडघ्यांचा विचार करा. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत. मावशींनी तो खालून बघितला आणि समोर अर्धा तास बसल्या.

इथे माझी एक चूक सांगते. रोमची खोली मी फोनवर फोटो बघून पसंत केली. स्वच्छ होती, स्टेशनजवळ होती. पण ती तिसऱ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्टच नव्हती. दोघी चार दिवस तो जिना चढल्या. मावशी मला काही बोलल्या नाहीत, जाऊबाई मात्र बोलल्या! जुन्या शहरांत अशा इमारती पुष्कळ आहेत. म्हणून खोली घेताना आधी विचारा: लिफ्ट आहे का? लिफ्टला तिथे 'अशेन्सोरे' म्हणतात. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, रात्रीगणिक शहराचा करही द्यावा लागतो, तो हिशेबात धरा.

व्हेनिसला आणखी जपायचं. ते पाण्यातलं शहर आहे. आत मोटार नाही, रिक्षा नाही. चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. एकच हलकी बॅग, स्वतःला उचलता येईल एवढीच. स्टेशनची नावंही दोन: 'मेस्त्रे' जमिनीवरचं, 'सांता लुचिया' शहरातलं. शहरात राहायचं असेल तर सांता लुचियाचं तिकीट काढा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांकडून व्हेनिस 2024 पासून ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क घेतं. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण तशी नोंद करावी लागते. गोंडोला नाव महाग पडते. मोठा कालवा ओलांडायला तशीच दिसणारी साधी नाव असते, तिला 'त्राघेत्तो' म्हणतात. दोन युरोत पलीकडे नेते. दोघी त्यातूनच जाऊन आल्या.

रेल्वेचं थोडं. वेगवान गाडीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. साध्या गाडीचं तिकीट आधी काढून फायदा नाही, भाडं तेच असतं. पण ते छापील असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. फलकावर 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आर्रीवी' म्हणजे येणाऱ्या, आणि 'बिनारिओ' म्हणजे फलाट. फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, घाबरून जाऊ नका. 'शोपेरो' शब्द दिसला तर समजा संप आहे. तो बहुधा आधी जाहीर होतो. मोठ्या स्टेशनांवर पाकीटमार असतात. पासपोर्ट आणि पैसे अंगाशी पिशवीत ठेवा. अडचणीत 112 हा नंबर लावा. तिथेही तोच आहे.

आता कागदपत्रं. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अगदी शेवटी पंधरा दिवसांवर आणू नका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मोठ्या माणसासाठी व्हिसाचं शुल्क 90 युरो आहे. एक युरो शंभर रुपये आणि वर थोडे असा हिशेब धरला, तरी नऊ हजारांच्या पुढे, आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.

बँकेच्या खात्याचे काही महिन्यांचे व्यवहार दाखवावे लागतात. मावशींचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि सात वर्षं त्यात महिन्याच्या महिन्याला पैसे पडत होते. अर्जाला तेच पासबुक कामी आलं. खातं आपल्या नावावर ठेवा असं आपण गटात का म्हणतो, ते यातही दिसतं.

बांधाबांधीचं सांगते. मे महिना म्हणून मावशींनी लेकीसाठी आंब्याची पेटी बाजूला काढून ठेवली होती. नेता येत नाही. युरोपात दूध, तूप, खवा, पेढे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, आणि आंबे, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता यांना सरकारी दाखला लागतो. मावशी फार हिरमुसल्या. शेवटी ज्वारीचं पीठ, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं.

मावशी माळकरी आहेत, त्यामुळे जेवणाची चिंता होती. 'मारिनारा' पिझ्झावर टोमॅटो, लसूण आणि तेल असतं, चीज नसतं. टोमॅटोचा पास्ता सगळीकडे मिळतो. सांगायचं, 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नको. पार्मिजानो नावाचं चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात, ज्यांना चालत नाही त्यांनी तेही नको सांगावं. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, ती बसण्याची आकारणी, फसवणूक नाही. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या.

महिना कोणता? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि 15 ऑगस्टच्या आसपास तिथल्या लोकांचीच सुट्टी असते. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी येते, म्हणून शेतकरी बाईला मेच सोयीचा.

परत आल्यावर बैठकीत सगळ्यांनी विचारलं, काय काय बघितलं? मावशींनी कोलोसियम सांगितलं, पाण्यातलं शहर सांगितलं. मग म्हणाल्या, "पाच सकाळी लेक कामाला जायच्या आधी मी तिला भाकरी करून दिली. ती कुठल्या गाडीने जाते, कुठे उतरते, ते बघून आले. आता फोनवर बोलताना मला ती दिसते."

यादी दहा ठिकाणांची राहिली असती, तर या पाच सकाळी त्यात बसल्या नसत्या. तुम्ही इटलीला जा नाहीतर अष्टविनायकाला, वहीत क्रम हाच ठेवा: कशासाठी, किती रात्री, कुठे मुक्काम, कोणता वार, आणि मग खर्च.